पॅरिस ते रोम : बारा दिवसांची आखणी योग्य आहे का?

प्रश्न : मे महिन्यात आईबाबांना घेऊन प्रथमच युरोपला जाण्याचा विचार आहे. बारा दिवसांत पॅरिस, स्वित्झर्लंडमधील इंटरलाकेन, व्हेनिस, फ्लॉरेन्स आणि रोम बसवले आहे. बाबांचे गुडघे दुखतात. ही आखणी झेपेल का, आणि व्हिसा कोणत्या देशाकडे मागावा?

प्रतिसाद १ : ज्या देशात सर्वाधिक मुक्काम असेल त्याच देशाकडे शेंगेन व्हिसाचा (युरोपातील अनेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज करावा लागतो, म्हणजे तुमच्या बाबतीत बहुधा इटली. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. सुट्टीची गर्दी लक्षात घेऊन भेटीची वेळ आताच घ्यावी. प्रत्येकाचा किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा हवाच.

प्रतिसाद २ : मला व्हेनिसची काळजी वाटते. सांता लुचिया स्थानकाबाहेर मोटार मिळत नाही. एक तर पाण्यातली बस घ्यायची, नाही तर पायऱ्यांचे पूल चढायचे. माझ्या आईने दुसऱ्याच पुलावर कठडा धरून, बॅग खाली ठेवली आणि बराच वेळ ती बोललीच नाही. ते चित्र आठवले की आजही वाईट वाटते. व्हेनिस गाळून ते दिवस रोमला द्यावेत, असे मी कळकळीने सांगेन. लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते, त्यानुसार पॅरिसचे दिवस ठरवा.

प्रतिसाद ३ : मेतकूट, चकल्या अवश्य न्या, मात्र साजूक तूप आणि इतर दुग्धजन्य पदार्थ युरोपीय संघात सामानातून नेण्यास मनाई आहे. स्वित्झर्लंडसाठी थोडे फ्रँकही जवळ असू द्यावेत.