मदत हवी आहे: भागीदारी, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) की प्रायव्हेट लिमिटेड, टॅक्स कशात कमी बसेल? (नाशिक)

पिंपळगावचा_जावई
मंडळी अर्जंट आहे. मी आणि मेहुणा मिळून पिंपळगाव बसवंतजवळ कांदा वाळवून फ्लेक्स आणि पावडर करायचं युनिट टाकतोय. शेड उभं राहिलंय, ड्रायर बुक केलाय, आता बँकवाले म्हणतात करंट अकाउंटला फर्मचे कागद आणा आणि तिथेच सगळं अडलंय. ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो, एक म्हणतो साधी प्रोप्रायटरशिप (एकाच्याच नावावरचा धंदा) टाका, दुसरा म्हणतो एलएलपी, सोसायटीतले एक काका तर म्हणे प्रायव्हेट लिमिटेडशिवाय आजकाल कुत्रं विचारत नाही. मला फक्त एवढंच सांगा, इन्कम टॅक्स कशात कमी? लिंका देऊ नका, सरळ उत्तर द्या.

निफाडकर
नफा किती धरलाय, पैसा कोण घालणार, काम कोण बघणार? हे न सांगता "सरळ उत्तर" कसं देणार भाऊ?

सातपूर_जॉबवर्क
प्रायव्हेट लिमिटेड. डोळे झाकून. कलम ११५बीएए (कंपन्यांसाठी कमी दराचा पर्याय) घेतलं की सरचार्ज सेस धरून २५.१६८ टक्के, विषय संपला. आणि मोठ्या पार्ट्या कंपनी असल्याशिवाय व्हेंडर म्हणून घेत नाहीत, स्वतःचा अनुभव आहे.

द्राक्षबागवाला
कांदा म्हणजे शेतमाल, शेतीच्या उत्पन्नाला टॅक्स नसतो. कशाला एवढं डोकं लावताय?

निफाडकर
@द्राक्षबागवाला शेतात पिकवून विकला तर नसतो. मार्केटमधून विकत घेऊन ड्रायरमधून काढून पावडर विकली की तो धंदा, पूर्ण टॅक्सेबल. हे डोक्यात ठेवून कोणी रिटर्न भरलं तर नोटीस घरपोच येईल.

पिंपळगावचा_जावई
नफा व्याज घसारा सगळं जाऊन वर्षाला १२ लाखाच्या आसपास धरलाय. आता नवीन रिजीममध्ये १२ लाखापर्यंत टॅक्सच नाही ना, मग फर्म काढली तरी शून्यच ना? मग भांडण कशाचं?

रिटर्नवाली_ताई
नाही हो दादा. ती १२ लाखाची सूट माणसाला आहे, फर्मला नाही. भागीदारी असो की एलएलपी, पहिल्या रुपयापासून सरसकट ३० टक्के अधिक ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२. फर्मला स्लॅब नाही, रिबेट नाही. आणि मला सांगा, तुम्ही दोघं आत्ता करता काय? नोकरी आहे का कोणाला?

पिंपळगावचा_जावई
मी अंबडला कंपनीत आहे, पॅकेज १४ लाख. नोकरी सोडणार नाहीये. युनिट मेहुणा बघणार पूर्णवेळ, त्याची शेती आहे बाकी काही नाही. याचा काय संबंध पण?

रिटर्नवाली_ताई
सगळा संबंध याचाच आहे! २०२५-२६ च्या दरांनी बघा, नवीन रिजीम धरून. कलमांचे नंबर जुन्या कायद्याचे लिहितेय, १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात नंबर वेगळे आहेत.

प्रोप्रायटर तुम्ही झालात तर १२ लाख तुमच्या पगारावर चढणार. ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन जाऊन पगार १३.२५, दोन्ही मिळून २५.२५ लाख, म्हणजे वरचा थोडा भाग ३० टक्क्यांत. आत्ता भरता त्यापेक्षा सुमारे २ लाख ६९ हजार जास्त.

भागीदारी केली आणि मेहुणा वर्किंग पार्टनर, तर कलम ४०(बी) खाली त्याला मोबदला देता येतो. पहिल्या ६ लाख नफ्यावर ९० टक्के म्हणजे ५.४ लाख, उरलेल्या ६ लाखावर ६० टक्के म्हणजे ३.६. एकूण ९ लाख. हे फर्मच्या नफ्यातून वजा. उरले ३ लाख, त्यावर ३१.२ टक्क्याने ९३,६००. मेहुण्याच्या हातात ९ लाख आले तरी तो १२ च्या आत. फक्त त्याचं शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी दर ठरवताना धरतात, त्यामुळे अगदी शून्य न होता थोडं निघू शकतं. टॅक्स जाऊन उरलेला नफा दोघांनी वाटून घ्या, तो हिस्सा पार्टनरला १०(२ए) खाली माफ.

आणि हो, एप्रिल २०२५ पासून पार्टनरला मोबदला किंवा व्याज वर्षात २० हजाराच्या वर गेलं की फर्मला १० टक्के टीडीएस कापावा लागतो, १९४टी. पुष्कळ जणांना अजून माहीत नाही.

सातपूर_जॉबवर्क
ताई कंपनीत मोबदल्याला असली लिमिटच नाही. मेहुण्याला डायरेक्टर करा, १२ लाख पगार दाखवा, कंपनीचा नफा शून्य, त्याला स्टँडर्ड डिडक्शन पण मिळेल. टॅक्स झीरो. बोला.

रिटर्नवाली_ताई
बोलते. मग जावईबापूंना काय मिळणार? डिव्हिडंड द्यायला नफा उरला पाहिजे, तो उरला की आधी कंपनी टॅक्स भरणार आणि २०२० पासून डिव्हिडंडवर परत यांच्या स्लॅबने यांना भरावा लागणार. शिवाय नातेवाइकाला अवाजवी पगार दाखवला तर ४०ए(२) लावून अधिकारी तो खर्च कापू शकतो. आणि उलाढाल पाच रुपये असली तरी कंपनीला ऑडिट कंपल्सरी, आरओसीचे (कंपनी रजिस्ट्रारचे) फॉर्म वेगळे. नफा काढून न घेता चार वर्षं धंद्यातच फिरवायचा असेल तर मात्र तुमचं बरोबर, २५ विरुद्ध ३१ मध्ये फरक पडतो.

सातपूर_जॉबवर्क
आमचा सीए वर्षाला फिक्स घेतो, काही त्रास नाही. उगाच बागुलबुवा.

बळीराजा_ग्रुप
सरळ शेतकरी उत्पादक कंपनी काढा ना, १०० टक्के करमाफी आहे. आमच्या तालुक्यात बऱ्याच निघाल्यात.

निफाडकर
ती ८०पीए ची सवलत २०२३-२४ आर्थिक वर्षापर्यंतच होती साहेब. आणि त्याला निदान १० शेतकरी लागतात, इथे एक जावई आणि एक मेहुणा आहे.

बळीराजा_ग्रुप
बरं मग पीएमएफएमई (छोट्या अन्नप्रक्रिया युनिटसाठीची केंद्राची योजना) तरी घ्या, प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख सबसिडी.

पिंपळगावचा_जावई
सबसिडीचं बघतोय, तो वेगळा विषय. मी काय म्हणतो, सगळं बायकोच्या नावावर केलं तर? ती घरीच असते, तिचं उत्पन्न शून्य.

रिटर्नवाली_ताई
भांडवल तुमच्या खिशातून गेलं की कलम ६४ आलंच, त्या भांडवलाच्या प्रमाणातला नफा परत तुमच्या उत्पन्नात धरतात. हा प्रश्न मला रोज कोणीतरी विचारतं.

गंगापूर_रोडवरून
जीएसटीला मालाची लिमिट ४० लाख आहे, त्याच्या आत असाल तर नोंदणी लागत नाही.

निफाडकर
इथे जीएसटी कोणी विचारलाय?

हिशोबी_माणूस
४४एडी चं (उलाढालीच्या ठरावीक टक्के नफा धरायची सोय) कोणी बोललं नाही. उलाढाल २ कोटीच्या आत (रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटी), बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के नफा दाखवून मोकळं व्हा, वह्या नकोत.

रिटर्नवाली_ताई
एलएलपी आणि कंपनीला ते चालतच नाही. साध्या भागीदारीला चालतं, पण मग वरचा ९ लाखाचा मोबदला वेगळा वजा होत नाही, तो त्या ६ टक्क्यांतच आला असं धरतात. यांच्या केसमध्ये दोन्ही आकडे समोर ठेवून बघावं लागेल.

द्राक्षबागवाला
मेहुण्याच्या स्वतःच्या शेतातला कांदा वापरला तर? तेवढा तरी माफ?

रिटर्नवाली_ताई
हा प्रश्न चांगला आहे. त्याने फर्मला बाजारभावाने विकायचा, पावती करायची. त्याला ते शेतीचं उत्पन्न, फर्मला खरेदीखर्च. आणि रोखीत १० हजाराच्या वर दिलं की खर्च नामंजूर होतो, पण थेट पिकवणाऱ्या शेतकऱ्याला माल घेऊन दिलं तर सूट आहे. व्यापाऱ्याकडून घेतला तर नाही, तेव्हा लासलगावला कोणाकडून घेताय ते बघून पैसे द्या.

गंगापूर_रोडवरून
२०२७ च्या सिंहस्थात हॉटेलवाल्यांना पावडर प्रचंड लागेल बघा, आत्ताच बोलणी करून ठेवा.

द्राक्षबागवाला
आधी सिंहस्थासाठी रस्ते होऊ द्या, मग पावडर.

पिंपळगावचा_जावई
ताई म्हणजे भागीदारीच ना? उद्या वकिलाकडे जाऊन रेडिमेड डीडवर (भागीदारीच्या करारावर) सह्या करून टाकतो, बँकेचं काम होईल.

रिटर्नवाली_ताई
थांबा, रेडिमेड नको. मोबदला किती किंवा कसा काढायचा हे डीडमध्ये लिहिलेलं नसेल तर एक रुपया वजा होत नाही, "पार्टनर आपसात ठरवतील" एवढ्यावर भागत नाही. मेहुणा वर्किंग पार्टनर हे नाव घेऊन लिहा, भांडवलावर व्याज घेणार असाल तर १२ टक्क्यांपर्यंत तेही लिहा. आणि बँकेचं कर्ज बुडलं तर भागीदारीत तुमचा नाशिकचा फ्लॅटपण त्यात येतो. ते नको असेल तर हेच सगळं एलएलपीत करा, दर आणि मोबदल्याचं गणित तेच, फक्त फॉर्म ८ आणि फॉर्म ११ दरवर्षी वेळेत भरा.

पिंपळगावचा_जावई
फ्लॅटवर आधीच लोन आहे. मेहुण्याशी बोलतो रात्री.

सातपूर_जॉबवर्क
तरी मी सांगतोय, प्रायव्हेट लिमिटेड.