जिम्नीचे मागचे ड्रम काढून डिस्क बसवायचे आहेत, सल्ला हवा

घाटउतार:
गाडी जिम्नी, पाच दारांची. दोन इंच लिफ्ट, टायर २३५/७५ आर १५. पावसाळ्यात ओढ्यातून गेलं की मागच्या ड्रममध्ये गाळ बसतो, लायनर (आतून घासणारे पट्टे) खरवडले जातात आणि पुढचा अर्धा तास ब्रेक नावालाच. तयार किट घ्यायचं नाही, कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) धरायचा ब्रॅकेट लेथवाल्याकडून करून घेणार. गॅरेजवाला म्हणतो, "पुढचा कॅलिपर असतो तसलाच मागे लावू, विषय संपला." खरंच संपतो का? हँडब्रेकचं काय करायचं? आणि ईएसपी (गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) बिघडेल का?

लोरेंज:
आधी हेतू पक्का करा. चिखल-पाणी हा त्रास असेल तर डिस्कचा फायदा आहे, कारण ती फिरता फिरता स्वतःला पुसून घेते. गाडी लवकर थांबावी असं असेल तर मागे डिस्क लावून फार काही हाती लागणार नाही. ब्रेक दाबला की वजन पुढे जातं आणि मोठं काम पुढची चाकंच करतात.

तुमचा टायरही हिशेबात घ्या. मूळ १९५/८० आर १५ चा व्यास सुमारे ६९३ मिमी, तुमचा ७३३. पेडलवर तेवढाच पाय दिला तरी जमिनीवर पोचणारा जोर साडेपाच टक्क्यांनी कमी. त्यावर पुढचे चांगले पॅड आणि ताजं डॉट ४ ऑइल हा स्वस्त इलाज आहे.

आणि डिस्क नकोच असं ठरलं तर प्रत्येक चिखलफेरीनंतर ड्रम उतरवा. ड्रमच्या तोंडावर आट्यांची दोन भोकं असतात, त्यात ८ मिमीचे बोल्ट आळीपाळीने आवळले की अडकलेला ड्रम सुटतो. हातोडा मारत बसू नका. आतून धुवा, वाळवा, अॅडजस्टरला किंचित ग्रीस.

पत्राकाप:
गॅरेजवाल्याचं ऐकू नका. आकडे बघा.

ड्रमचा पुढचा शू (लायनर लावलेली कमान) फिरणाऱ्या ड्रमसोबत स्वतःच आत ओढला जातो, त्यामुळे पिस्टनच्या जोराच्या साधारण सव्वादोन पट घर्षण मिळतं. डिस्कमध्ये हे ओढणं नाही. पॅडचा घर्षणांक ०.३८ धरला तर दोन्ही बाजू मिळून ०.७६ पट. म्हणजे तेवढ्याच लाइन प्रेशरवर (ऑइलच्या दाबावर) तेवढाच ब्रेक हवा तर पिस्टनचं क्षेत्रफळ तिप्पट लागतं. व्हील सिलिंडर (ड्रममध्ये शू ढकलणारा) पाऊण इंची (१९ मिमी) धरला तर क्षेत्रफळ २.८५ चौ. सेंमी. तिप्पट केलं की साडेआठच्या आसपास, म्हणजे ३३-३४ मिमीचा पिस्टन. त्रिज्या दोन्हीकडे सारखी धरली आहे. तुमच्या सिलिंडरवरचा आकडा स्वतः वाचा आणि पुन्हा मांडा.

आता पुढचा कॅलिपर. पिस्टन ५१ मिमीचा असेल तर २०.४ चौ. सेंमी, म्हणजे गरजेच्या जवळजवळ अडीच पट. ओल्या उतारावर मागची चाकं आधी लॉक होणार आणि शेपूट पुढे यायला बघणार. लहान मोटारीचा मागचा कॅलिपर, पिस्टन ३३ ते ३६ मिमी, हँडब्रेकचा लिव्हर असलेला, हेच शोधा.

डिस्क सॉलिड घ्या. व्हेंटिलेटेड डिस्कच्या फटींत चिखल वाळतो आणि चाक थरथरायला लागतं. पीसीडी (चाकाच्या बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास) ५ × १३९.७ मिमी. दुसऱ्या पीसीडीची डिस्क घेऊन नवीन भोकं पाडणार असाल तर आधीच्या भोकांमध्ये पुरेसं लोखंड उरतंय का बघा. डिस्क सेंटर बोअरवर (मधल्या भोकावर) बसली पाहिजे, स्टडवर (चाकाच्या बोल्टांवर) लटकवायची नाही.

ब्रॅकेट १० मिमी प्लेटचा, लेझरने कापलेला, बोल्ट १०.९ ग्रेडचे. आधी पुठ्ठ्याचा साचा करून रिम चढवून बघा. कॅलिपर आणि रिममध्ये रस्त्याच्या गाडीला ३ मिमी चालतं, पण इथे खडे अडकतात, ६ तरी ठेवा. डिस्क कॅलिपरच्या मधोमध अर्ध्या मिमीच्या आत, आणि डायल गेजवर रनआउट (डिस्कचं फिरताना डुलणं) ०.०५ मिमीच्या जवळ. ०.१ च्या वर गेला तर पेडल पायाखाली नाचेल.

घाटउतार:
बॅकिंग प्लेट (ड्रममागची पत्र्याची थाळी) काढायला हाफ शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) उपसावा लागेल ना?

पत्राकाप:
हो, आणि वेळ तिथेच जातो. चार नट सोडले की शाफ्ट स्लाइड हॅमरने बाहेर येतो, पण प्लेट शाफ्टच्या फ्लँज आणि बेअरिंगच्या मध्ये अडकलेली असते. दोन रस्ते. बेअरिंग धरून ठेवणारी रिटेनर रिंग घासून छिन्नीने फोडायची, प्लेट काढायची, नवीन रिंग प्रेसवर बसवायची. जुनी रिंग पुन्हा वापरायची नाही, आणि बेअरिंगला गॅसची ज्योत दाखवायची नाही. दुसरा रस्ता म्हणजे प्लेट कापून काढायची आणि ब्रॅकेट यू आकाराचा करून खालून सरकवायचा. मला दुसरा बरा वाटतो, बेअरिंगला हात लागत नाही.

पण एक जपा. मूळ प्लेटची जी जाडी बेअरिंग दाबून ठेवत होती, तेवढीच तिथे परत आली पाहिजे. कमी पडली तर बेअरिंग आत-बाहेर खेळतं, पॅड ढकलले जातात आणि प्रत्येक वळणानंतर पेडल खोल जातं. लोक मग ब्रेक ऑइलमधली हवा काढत बसतात, दोष मात्र शिमचा (जाडी भरून काढणाऱ्या पत्र्याचा) असतो. शाफ्ट काढलाच आहे तर ऑइल सील नवीन टाका, जुन्याचं तेल डिस्कवर आलं तर सगळी मेहनत वाया. व्हील सेन्सर आधी सोडवून बाजूला बांधा, वायर ताणू नका.

लोरेंज:
हँडब्रेकवर दोन शब्द. लिव्हरवाल्या कॅलिपरचा पिस्टन आटे असलेला असतो. क्लॅम्पने दाबून आत जात नाही, फिरवूनच घालायचा. काहींत डावा-उजवा एकमेकांचे उलटे असतात. केबल जोडण्याआधी पेडल दाबून आणि लिव्हर हाताने ओढून पॅड जागेवर आणा, मगच केबल. आधीच केबल ताणली तर लिव्हर विसाव्याच्या जागी परत येत नाही, आपोआप जुळणारी यंत्रणा काम करत नाही आणि हँडब्रेक वरपर्यंत ओढला तरी गाडी घरंगळते.

दुसरा पर्याय, डिस्कच्या टोपीत (मधल्या उंच भागात) छोटा ड्रम असलेली डिस्क. धरून ठेवते जबरदस्त, पण गाळ पुन्हा आत. तुमच्या कामाला नको. आणि ब्रेक ऑइल अडवून धरणारा लाइन लॉक हा पार्किंग ब्रेक नव्हे. ऑइल थंड झालं, सील जरा गळला की दाब उतरतो.

सिग्नलतोड:
ईएसपीबद्दल. जिम्नीत घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याला ताकद देणारी सोय आहे, ती मागच्या ब्रेकच्या मूळ जोरावर बेतलेली आहे. म्हणून वर पत्राकापने केलेला पिस्टनचा हिशेब इथे जास्त महत्त्वाचा. मधे हाताने फिरवायचा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब कमी करणारा) घालू नका, मागच्या दाबाचे दोन मालक होतात.

हवा काढताना ऑइलची टाकी रिकामी होऊ देऊ नका. एबीएसच्या (चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) पंपात हवा शिरली की स्कॅनर जोडूनच निघते. सोडलेली पाइपची टोकं लगेच बूच लावून बंद.

शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. मूळ रचनेतला बदल म्हणून आरटीओ विचारू शकतो, विमा कंपनीही. वॉरंटीवर तर पाणी सोडाच.

घाटउतार:
सगळं बसवलं, तीनदा हवा काढली, पेडल तरी स्पंजासारखं, असं झालं तर?

पत्राकाप:
पहिल्यांदा कॅलिपरवरचं हवा काढायचं निप्पल बघा. कॅलिपर डिस्कच्या पुढे बसवा की मागे, निप्पल सगळ्यात वर आलं पाहिजे. खाली असलं तर डावा-उजवा अदलून बघा. तेही जमत नसेल तर कॅलिपर खोलून निप्पल वर धरा, पॅडमध्ये लाकडाचा ठोकळा द्या, हवा काढा, परत बसवा. बँजो बोल्टचे (कॅलिपरला नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर नवीन, प्रत्येकी दोन. पाइप ४.७५ मिमी, डबल फ्लेअर (दुहेरी दुमडलेलं तोंड). बबल फ्लेअरचा पाइप त्यात आवळला तर आज नाही गळला तर उद्या गळेल. आणि लिफ्टमुळे चॅसिसपासून अॅक्सलपर्यंतची रबरी नळी चाक पूर्ण लोंबकळल्यावर ताणली जात नाही ना, ते जॅकवर घेऊन बघा.

घाटउतार:
समजलं. शनिवारी ड्रम उतरवून सिलिंडरवरचा आकडा आणि प्लेटची जाडी इथे टाकतो, ब्रॅकेटचं माप त्यानंतरच.

पत्राकाप:
स्टडची लांबीही मोजा. डिस्कची टोपी ड्रमपेक्षा जाड निघाली तर नट अर्ध्यावरच अडकायचे.