मदत हवी आहे: वाचनालयातल्या व्याख्यानासाठी युद्धकाळातल्या गावाची माहिती

पारावरचा_पेपर
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात 'युद्धकाळातलं आपलं गाव' अशी व्याख्यानमाला सुरू केली आहे. पहिलं पुष्प वाया गेलं. बाहेरून बोलावलेले प्राध्यापक दीड तास स्टॅलिनग्राडवर बोलले, आणि पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या मंडळींनी चहा होताच घराची वाट धरली. दुसरं पुष्प तोंडावर आलंय आणि वक्ता मीच आहे. मला आघाडीवरचं काही नको. गावात काय मिळत होतं, काय मिळत नव्हतं, लोक कशाला घाबरत होते, एवढंच हवं. कुठे सापडेल? गुगल करा म्हणू नका, करून झालंय. जरा लवकर सांगा.

चिंचेचा_कोळ
कुठलं युद्ध?

घाटमाथा
७१ चं असेल तर मी सांगतो. आम्ही देवळालीच्या बाजूला राहायचो. भोंगा झाला की दिवे बंद, खिडक्यांना काळे कागद, गाड्यांच्या दिव्यांना वरून अर्धा काळा रंग. त्या वर्षीच्या १५ नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं, बांगलादेशच्या निर्वासितांसाठी. जुनी पत्रं काढून बघा, दोन तिकिटं दिसतील.

जुनी_वही
त्याआधी ६५. शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडा सांगितलं. आमची आजी म्हणाली, माझा सोमवार आधीपासूनच असतो, सरकारसाठी वेगळा कुठला धरू?

पारावरचा_पेपर
अहो, दुसरं महायुद्ध! स्टॅलिनग्राड लिहिलंय ना वर.

चिंचेचा_कोळ
स्टॅलिनग्राड वाचलं, पण जिल्हा कुठे लिहिलाय? तेव्हा गाव संस्थानात होतं की खालसात, म्हणजे थेट इंग्रजी अमलात? धान्याचे हुकूम, लेव्ही म्हणजे सरकारची सक्तीची धान्यवसुली, कागदपत्रं, सगळं त्यावर ठरतं. औंध संस्थानात एक आणि शेजारच्या गावात दुसरंच, असा प्रकार होता.

पारावरचा_पेपर
सातारा जिल्हा, कराडच्या बाजूला. खालसा. घरटी एक माणूस पलटणीत होता म्हणतात. देवळाजवळ शिळा आहे, गावातून इतके लढाईला गेले, त्यातले इतके कामी आले अशी. तिथूनच सुरुवात करणार आहे.

फौजी_नातू
थांबा. शिळेवर १९१४-१९१९ आहे का बघा. गावोगावी तशा शिळा इंग्रजांनी बसवल्या त्या पहिल्या महायुद्धाच्या. तुमच्याच जिल्ह्यातल्या अपशिंग्याचे ४६ जण त्या युद्धात गेले. दुसऱ्या युद्धातल्या नावांसाठी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाचं संकेतस्थळ बघा. नाव, पलटण, तारीख मिळते, बऱ्याचदा बापाचं नाव आणि गावही. आणि दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना, त्यांच्या विधवांना राज्य सरकार दरमहा अनुदान देतं, ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत. गावात कोणाच्या घरी येत होतं हे पोस्टमनला विचारा. इटलीत मराठा पलटणीच्या नाईक यशवंत घाडगेंना १० जुलै १९४४ च्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावला पुतळा आहे त्यांचा, ते तर सांगितलंच पाहिजे.

जुनी_वही
झालं, निघाली पलटण इटलीला. त्यांना आघाडी नकोय हो.

फौजी_नातू
पलटणीतून येणारी मनिऑर्डर आघाडीवरची की गावातली? पत्र सेन्सॉर होऊन यायचं. ज्या बाईला वाचता येत नव्हतं तिला ते मास्तर नाहीतर पोस्टमन वाचून दाखवायचा, म्हणजे नवरा-बायकोचं बोलणं तिसऱ्याच्या तोंडून आणि चौथ्याच्या परवानगीने. हा गावचा इतिहास नाही तर काय?

तांब्याची_कवडी
भाषण कमी करा, वस्तू हातात द्या. भोकाचा पैसा मिळवा, १९४३ पासूनचा. धातू वाचवायला मधोमध एवढं मोठं गोल भोक पाडलं की पैशाची नुसती कडी उरली. लोक तो वायसर म्हणून बोल्टाला लावायचे. जुन्या सोनाराकडे, भंगारवाल्याकडे हटकून असतो. सोबत दोन रुपये ठेवा, एक १९३९ च्या आधीचा आणि एक १९४० नंतरचा. आधीच्यात बारा भागांत अकरा भाग चांदी, नंतरच्यात निम्मी. दिसायला सारखेच, पण खेड्यातल्या माणसाला फरक लगेच कळला. जुने रुपये मडक्यात गेले, १९४० मध्ये सरकारने एक रुपयाची नोट काढली आणि पुढे रेजगारीचा एवढा तुटवडा पडला की बाजारात सुटे मिळेनात. महागाई समजावून सांगायला दुसरं काही लागत नाही.

गोव्याच्या_अलीकडे
आमच्या कोकणात सगळ्यात मोठी बातमी म्हणजे रंगून पडलं. मार्च १९४२. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद. देशावरच्यांना ज्वारी-बाजरी तरी होती.

घाटमाथा
ज्वारी होती, पण सरकार लेव्हीत उचलत होतं. मुंबईत मे १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झालं, ते धान्य आकाशातून पडत नव्हतं.

गोव्याच्या_अलीकडे
म्हणजे उपाशी कोकण राहिलं आणि तक्रार देशाची!

ग्रहगोल
एक महत्त्वाची गोष्ट कोणीच सांगितली नाही. १ सप्टेंबर १९४२ ते १४ ऑक्टोबर १९४५ या काळात देशभर घड्याळं एक तास पुढे होती. या काळात जन्मलेल्यांची पत्रिका मांडताना तो तास वजा करावा लागतो. अनेकांची लग्नरास चुकलेली असते. कोणाला तपासून हवी असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

चिंचेचा_कोळ
पत्रिका कोणी मागितली होती?

पारावरचा_पेपर
नाही, हे चालेल की! घरोघरी जुन्या पत्रिका असतात. त्यावर 'युद्धवेळ' वगैरे लिहिलेली असेल तर मला तेच हवंय. @तांब्याची_कवडी, पैशाचं बघतो. बाकी, बसून गप्पा मारून माहिती काढायची तर प्रश्न कसे विचारू? "युद्धात काय झालं" म्हटलं की "आम्हाला काय कळतंय" यापुढे गाडी जात नाही.

जुनी_वही
तुमचे म्हातारे तेव्हा जन्मले तरी होते का? १९४३ मध्ये दहा वर्षांचा असलेला माणूस आज नव्वदीच्या पुढे. सत्तरीची मंडळी सांगतील ते ऐकीव. ऐकीव म्हणून टाकू नका, पण वहीत तसं लिहा. आणि युद्धाचं नाव काढूच नका. कंट्रोलचं कापड विचारा, रॉकेल विचारा, लग्नातलं लुगडं कुठून आलं ते विचारा. काळ्या बाजाराचं मात्र कोणी स्वतःच्या घरचं सांगणार नाही, शेजाऱ्याचं भरभरून सांगतील.

कृष्णाकाठचा
कराडकडचं गाव आणि अजून कोणी प्रति सरकारचं नाव काढलं नाही? क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रति सरकार, इंग्रजांना न जुमानता चालवलेलं समांतर सरकार, १९४३ पासून ४६ पर्यंत तुमच्या दारात होतं. लोकन्यायालयं, दारूबंदी, कमी खर्चातली गांधी लग्नं, तुफान सेना हे त्यांचं स्वयंसेवक दल. तुमच्याकडची घरची आघाडी म्हणजे ही. थोरला इंग्रजांच्या पलटणीत, धाकटा भूमिगतांना भाकऱ्या पोचवतोय आणि आई दोघांची वाट बघतेय, अशी घरं होती. हे सोडून रेजगारीवर बोलणार असाल तर बोला.

फक्त एक सांभाळा. ज्यांना तेव्हा प्रति सरकारकडून शिक्षा झाल्या त्यांची नातवंडं तुमच्या समोरच्याच खुर्च्यांवर बसणार आहेत. नावं घेऊ नका.

बिरोबाचा_माळ
का घेऊ नये? इतिहास म्हणायचं आणि झाकून ठेवायचं?

कृष्णाकाठचा
तुम्ही व्याख्यान देऊन एसटीने परत जाल. पारावरच्या पेपरला त्याच गावात राहायचंय आणि वाचनालयाची वर्गणीही तिथूनच गोळा करायचीय.

बिरोबाचा_माळ
मग स्टॅलिनग्राडच बरं.

घाटमाथा
कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडचे निर्वासित होते, पाचेक हजार, १९४३ ते ४८. त्यावर एक स्वतंत्र पुष्प ठेवा.

फौजी_नातू
मुंबईला गेलेल्यांना विसरू नका. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं, आत दारूगोळा आणि कापसाच्या गाठी एकत्र. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. तुमच्या गावचे हमाल, गिरणीवाले तेव्हा तिथे असणारच. कोण घाबरून गावी परतलं, विचारा.

पारावरचा_पेपर
शिळा पाहून आलो. १९१४-१९१९ आहे. त्यामुळे सुरुवात बदलली, आता मनिऑर्डर आणि पत्रं आधी. गावात नव्वदीपुढच्या दोन आज्या आहेत, पैकी एकीने लुगड्याचा विषय काढताच नणंदेच्या तक्रारी सुरू केल्या, त्यात कंट्रोलच्या दुकानाचा पत्ता मिळाला. प्रति सरकारवर नावं न घेता बोलतो, प्रश्नोत्तरांत कोणी घेतलीच तर अध्यक्ष बघून घेतील. सोनाराकडे भोकाचे पैसे निघाले, त्याला ते परत हवेत. फोटो टाकतोय.

चिंचेचा_कोळ
फोटो दिसत नाहीये. परत चढवा.