मनगट मोडल्यानंतर पुन्हा गाडी: तुमचे अनुभव सांगा

पावसाळा लागला की अंगणातल्या शेवाळावरून घसरून हातावर पडणारे घरोघरी निघतात. प्लास्टर निघतं, पण गाडी कधी हातात घ्यायची हे कुणी धड सांगत नाही. 'दुखेनासं झालं की' या उत्तराने माझं समाधान होत नाही. तुम्ही कसं ठरवलंत? कोणता हात, कोणती गाडी, तेवढं जरूर लिहा.

म्हापसा, डावा हात, स्कूटर
सगळे म्हणाले, उजवा शाबूत आहे ना, मग अॅक्सिलरेटर आहेच की! गिअर नसलेल्या स्कूटरला मागचा ब्रेक डाव्या हातात असतो, हे कुणाच्या ध्यानीच नाही. एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या बहुतेक स्कूटरना जोडब्रेक आले, त्यात डावी कळ दाबली की पुढचं चाकही धरतं. म्हणजे गाडी थांबवायचा मुख्य भार डाव्यावरच. नुसत्या पुढच्या ब्रेकवर ओल्या रस्त्यात भरवसा ठेवणं म्हणजे दुसरा हात मोडून घेणं. मी स्टँडवर उभ्या गाडीची कळ रोज दाबून बघायचे. दोन बोटांनी खटकन दाबता आली आणि मनगटात दुखलं नाही, तेव्हाच फाटकाबाहेर पडले.

फोंडा, उजवा हात, कार
गिअर डावीकडे, त्यामुळे चालेल असं वाटलं होतं. पण चावी उजवीकडे! घरात चहाचा कप उचलता येत होता, चावी पिळताना मात्र डोळ्यांत पाणी आलं. मनगट वरखाली हलणं आणि पंजा पालथा-उताणा होणं या दोन वेगळ्या गोष्टी, आणि दुसरी माझ्याकडे उशिरा परतली. फिजिओबाईंनी सांगितलेली परीक्षा चांगली होती: मोकळ्या मैदानात, शेजारी गाडी चालवता येणारा माणूस बसवून, स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झपाट्याने फिरवायचं आणि मग एकदम ब्रेक. सरळ रस्त्यावर कुणीही चालवील हो, बैल आडवा आला की काय कराल ते बघायचं.

डिचोली, परिचारिका
प्लास्टर किंवा पट्टी असताना चालवूच नका, बोटं मोकळी असली तरी. साधारण 6 आठवड्यांनी हाड जुळतं, पण पकड परत यायला महिने लागतात. अंगठ्याच्या मुळाशी असलेलं स्कॅफॉइड हे छोटं हाड मोडलं असेल तर आणखी धीर धरा; त्याला रक्तपुरवठा तोकडा, भरून यायला वेळ लागतो. ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळीने गुंगी येते. ती चालू असेल तर हात कितीही बरा वाटो, चावी दुसऱ्याकडे.

दिवाडी, उजवा हात
आमचं बेट, म्हणजे फेरीबोट आलीच. भरतीओहोटीप्रमाणे धक्क्याचा उतार बदलतो, वर चिखल, मागून लोकांची घाई. तिथे शंभर किलोंची स्कूटर धरून ठेवायला दोन्ही मनगटं लागतात. मी गाडी घरीच ठेवली. फेरीतून पायी उतरून जुन्या गोव्यात पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, केला. मागे बसतानाही दुखऱ्या हाताने दांडी धरायची नाही, हे पहिल्या खड्ड्यालाच कळलं.

मडगाव
ऑटोमॅटिक घ्या म्हणणाऱ्यांना: गिअरचा त्रास वाचतो, खरं. वळणाचा नाही.

काणकोण, डावा हात, कार
मडगावकरांशी सहमत, पण आमच्या करमल घाटात गिअरचा त्रास वाचणं ही छोटी गोष्ट नाही हो! वळणागणिक दुसरा-तिसरा, पुढे ट्रक. घरापासून बाजारापर्यंत मी गणेशचतुर्थीआधीच गाडी नेत होतो, घाट मात्र नंतर बराच काळ भावाने चालवला. सपाटीवर मनगट बरं होतं, घाट उतरल्यावर संध्याकाळी सुजायचं. डॉक्टरांना हे सांगितल्यावर त्यांनी आधी सूज बसू दे, मग घाट, असंच म्हटलं. थंडीत सकाळी मनगट आखडतं, तेव्हा निघण्याआधी कोमट पाण्यात हात हलवून घेतो. प्लेट घातलेल्यांपैकी कुणाला असं आखडणं होतं का?