ईमेलमध्ये मराठी मजकूर बिघडतो तेव्हा : तुमचे अनुभव सांगा

मंडळी, आमच्या सोसायटीच्या सभेची नोटीस वर्डमध्ये तयार असते. ती ईमेलमध्ये पेस्ट केली की पहिला परिच्छेद मोठा, दुसरा बारीक आणि मध्येच एखादी ओळ करड्या रंगात. ज्येष्ठ सभासदांना ती वाचता येत नाही आणि सभेची तारीखच त्यांच्या नजरेतून सुटते. कॉपी करताना अक्षरांबरोबर फॉन्ट, आकार, रंग, ओळींमधलं अंतर असं सगळंच येतं. म्हणून मी कंट्रोल-शिफ्ट-व्हीने नुसता मजकूर पेस्ट करते आणि ठळक वगैरे करायचं ते तिथेच करते. आधीच पेस्ट झालेलं असेल तर मजकूर निवडून जीमेलमध्ये कंट्रोल-बॅकस्लॅश, आउटलुकमध्ये कंट्रोल-स्पेस. पण एवढ्याने सगळं सुटत नाही. तुमच्याकडे काय बिघडलं आणि कशाने सुटलं, तपशिलात लिहा.

डीटीपी करणारे, कोल्हापूर :
आमच्याकडे अजूनही कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमधल्या फायली येतात. त्यांत मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. ईमेलबरोबर फॉन्टचं नाव जातं, फॉन्ट जात नाही. त्यामुळे ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. पाठवणाऱ्याच्या पडद्यावर मात्र सगळं नीट असतं, मग तो ऐकायला तयार होत नाही. मी त्याला एवढंच सांगतो, यातली एक ओळ ईमेलच्या विषयाच्या जागी पेस्ट करून बघा. तिथे फॉन्ट लावताच येत नाही. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या पद्धतीत असेल, तर तिथेही मराठीच दिसेल. विंडोज २००० पासून युनिकोडचा देवनागरी फॉन्ट (आधी मंगल, आता निर्मला) संगणकात आयता येतो, तरी कार्यालयांतून जुने फॉन्ट सुटत नाहीत याचं वाईट वाटतं.

भाषांतरकार, जर्मनी :
माझ्या आउटलुकमध्ये इंग्रजीचा फॉन्ट आणि आकार ठरवून ठेवला होता, पण मराठी शब्द त्याला जुमानत नव्हते. देवनागरीची गणना तिथे ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’मध्ये होते आणि तिचा फॉन्ट व आकार वेगळा ठरवावा लागतो. फॉन्टच्या त्याच चौकटीत ती जागा आहे. तिथे निर्मला निवडला, आकार थोडा वाढवला आणि दोन्ही लिप्या शेजारीशेजारी सारख्या दिसू लागल्या.

शिक्षिका, नाशिक :
माझी तक्रार ‘ऱ्या’ची. ‘दुसऱ्या’ लिहून पाठवावं तर समोर ‘दुसर्या’ पोचतं, ‘तऱ्हा’ची ‘तर्हा’ होते. काही कीबोर्ड साधा र, हलन्त आणि न दिसणारा एक जोडचिन्हाचा ठोका वापरून हे अक्षर बनवतात. वाटेत एखाद्या प्रोग्रॅमने तो अदृश्य ठोका गाळला की रफार वर जाऊन बसतो. यावर पक्का उपाय म्हणजे नुक्त्याचा स्वतंत्र ऱ. इन्स्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत तो शिफ्ट-जेवर आहे. मुलांच्या हाती जाणाऱ्या मजकुरात ही चूक मला अजिबात चालत नाही, म्हणून पाठवण्याआधी प्रत्येक ‘ऱ्या’ तपासते.

डोंबिवलीहून :
थोडक्यात दोन गोष्टी. वेबसाइटवरून उचललेल्या शीर्षकात अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असेल तर शिरोरेषा तुटते. ताई, तुम्ही दिलेल्या कंट्रोल-बॅकस्लॅशने ती जुळते. दुसरं, काळा रंग सोबत आलेला असेल तर डार्क मोडमध्ये (काळ्या पडद्यावर) वाचणाऱ्याला तो मजकूर दिसतच नाही असं होऊ शकतं. रंग काढूनच पाठवा.

निवृत्त ग्रंथपाल, सातारा :
कोल्हापूरकर, माझ्याकडे जुन्या फॉन्टमधला बराच पत्रव्यवहार आहे. तो ईमेलने अभ्यासकांना पाठवायचा तर काय करू?

डीटीपी करणारे, कोल्हापूर :
सर, कन्व्हर्टरमधून, म्हणजे जुन्या फॉन्टचा मजकूर बदलून देणाऱ्या प्रोग्रॅममधून, युनिकोडमध्ये आणा, पण मूळ फाइल तशीच जपून ठेवा. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. म्हणून ‘स्थिती’सारख्या जोडाक्षरांत ती कधीकधी भलत्या जागी जाते, असे शब्द आधी बघा. पत्रांत मध्येच इंग्रजी नावं किंवा ईमेल पत्ते असतील तर ते मूळ प्रतीशी ताडून घ्या, कारण कन्व्हर्टर त्यांनाही मराठी समजून बदलून टाकतो.