मिरची पिवळी पडायलीय, मातीत पांढऱ्या अळ्या निघाल्या, ड्रम रिकामी करू का?

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात रंकाळ्याच्या बाजूला आमचं घर, वर मोकळी गच्ची, यंदा मार्चमध्ये ठरवलं की घरापुरती तरी मिरची, वांगी, कोथिंबीर बिनऔषधाची खायची. मंडईतली भाजी तीनतीनदा धुतली तरी मनातली शंका जात नाही. सहा निळी ड्रम अर्धी कापून आणली, बुडाला भोकं पाडली आणि निम्म्यापर्यंत उसाचं चिपाड भरलं, जवळच्या रसवंतीवाल्या मामांनी पोती भरून फुकटच दिलं. त्यावर गोठ्यातनं आणलेलं शेण आणि सगळ्यात वर वीतभर माती. मेमध्ये नर्सरीतनं रोपं आणून लावली, पहिले पंधरा दिवस एकदम झकास होती.

आता जुलै लागला. मिरची लावली तेवढीच आहे, वाढच नाही, आधी खालची पानं पिवळी होऊन गळाली आणि आता मधल्यांची पाळी आलीय. फुल येतंय आणि पडतंय. काल एका ड्रममध्ये खुरपं घातलं तर करंगळीएवढ्या पांढऱ्या अळ्या, डोकं तांबूस, अंग अर्ध्या बांगडीसारखं वळलेलं. एकाच ड्रममधनं अकरा निघाल्या.

रोपं घेतली तिथं विचारलं तर म्हणाले चमचाभर युरिया द्या आणि अळीला फोरेट टाका, दोन दिवसात साफ. तेच करायचं असतं तर मंडईतनंच आणली असती की. शिवाय माझी चार वर्षांची मुलगी दिवसभर त्या मातीत हात घालून बसलेली असते. काय चुकलं माझं? सगळं रिकामं करून परत भरू का?

गच्चीतली_माती

ताई, रिकामं अजिबात करू नका. आणि फोरेटचं नावसुद्धा काढू नका, अत्यंत विषारी आहे ते, सरकारनं २०१८ साली आदेश काढून बंदी घातलीय आणि २०२० संपल्यापासून वापरायलाच मनाई आहे. कुणी अजून सांगत असेल तर त्या दुकानात परत जाऊ नका.

आता एक करा, ड्रमच्या कडेनं हात खोल घालून खालचं चिपाड वर काढून बघा. काळं होऊन हातात चुरतंय का अजून पिवळं, ताठ, ओढलं तरी तुटत नाही असं आहे? मला वाटतं दुसरंच असणार. ओलं चिपाड कुजायला वेळ लागतो, त्यात कार्बन भरपूर आणि नत्र (नायट्रोजन) अगदी थोडं, नत्राच्या शंभर पटीच्या आसपास कार्बन असतो. खत नीट कुजायला हा पट पंचवीस-तीस लागतो. मग चिपाड कुजवणारे जे जिवाणू आहेत ते नत्र कुठनं घेणार, तर तुमच्या मातीतनं आणि शेणातनं, म्हणजे झाडाच्या ताटातलं आधी तेच खाणार. झाड उपाशी राहिलं की जुन्या पानातलं नत्र ओढून नव्या पानाला देतं, म्हणून खालचं पान आधी पिवळं. तुमच्या लिहिण्यातच उत्तर होतं.

शेण ओलं होतं का वाळून वर्षभर पडलेलं?

रंकाळाकाठ

दादा, आत्ताच वर जाऊन आले. अगदी तुम्ही म्हणता तसंच, चिपाड पिवळंच आहे, मध्ये मध्ये पांढरी बुरशीची जाळी धरलीय आणि हात घातला तर आत कोमट लागतंय. माती पण काठापासून चार बोटं खाली बसलीय. शेण ताजंच होतं, मला वाटलं ताजं म्हणजे जास्त ताकदीचं.

गच्चीतली_माती

असं बऱ्याच जणांना वाटतं. ताजं शेण कुजताना तापतं, कोवळी मुळं त्यात होरपळतात, आणि भुंग्यांना अंडी घालायला त्याच्यासारखी जागा नाही. तरी काही वाया गेलेलं नाही, आत कोमट लागतंय म्हणजे काम चालू आहे, ती पांढरी जाळी पण चांगलीच, तिला घाबरू नका.

आत्ता झाडाला नत्र द्यायचं. शेंगदाण्याची पेंड, तेलाच्या घाण्यावर मिळती, शंभर ग्रॅम घेऊन दोन लिटर पाण्यात तीन दिवस भिजवा, झाकण सैल ठेवा, वास मारेल पण चालतंय. गाळून त्यात दहापट पाणी घालून प्रत्येक ड्रमला लिटरभर, आठ दिवसांनी एकदा. मधल्या आठवड्यात जीवामृत. दहा लिटर पाण्यात अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती, दोन दिवस सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळा आणि आठवड्याच्या आत संपवा. गूळ काळपट, बिनकेमिकलचा घ्या, आपल्याकडं त्याला काय तोटा नाही. पण ज्या दिवशी धो धो लागलाय त्या दिवशी काहीच देऊ नका, सगळं भोकातनं गटारीत जातंय. पावसाळ्यात ड्रम विटांवर उचलून ठेवा, बुडाची भोकं स्लॅबला टेकली की पाणी तुंबतं, मूळ कुजतं आणि ते पान पण पिवळंच दिसतं, मग कळत नाही भूक आहे का बुडालंय.

शिरोळचा_ऊसवाला

अळ्यांचं मी सांगतो, आमचं निम्मं आयुष्य हुमणीशी, म्हणजे मुळं खाणाऱ्या पांढऱ्या अळीशी, भांडण्यात गेलंय. उसात शिरली की मुळं खाऊन बेटच्या बेट वाळवती, हातानं ओढलं तरी उपटून येतं. वळवाचा पहिला पाऊस झाला की तिन्हीसांजेला भुंगेरे जमिनीतनं बाहेर पडतात, कडुनिंबावर आणि बाभळीवर बसून पाला खातात आणि मग मातीत अंडी घालतात.

पण ताई, कुंडीतली प्रत्येक पांढरी अळी हुमणी नसती. एक अळी काढून फरशीवर ठेवा आणि मिनिटभर बघत बसा. पाठीवर उलटी होऊन, पाय वर करून सरपटायला लागली तर ती कुजकं खाणाऱ्या भुंग्याची, ती शेण-पाल्याचं खतच करती, तिला मारू नका, कंपोस्टच्या ढिगात सोडा. पायावर चालायला बघती किंवा कुशीवर वळून पडती, ती हुमणी धरून चाला. ती वेचून काढा, सहा ड्रमला हातानं वेचणं हेच सगळ्यात भारी औषध. त्यावर मेटारायझियम नावाची बुरशी मिळते कृषी सेवा केंद्रात, पाकिटावर दिलंय तेवढ्या प्रमाणात कुजलेल्या शेणखतात कालवून मातीत मिसळा. तिला ओल लागती, म्हणून हाच महिना बरोबर. रासायनिक बुरशीनाशक मात्र त्या मातीत घालू नका, नाहीतर ही बुरशीच मरती.

राजारामपुरी_अंगण

थोडं वेगळं मत मांडते. ड्रममध्ये चिपाड घालायचंच कशाला, मी लाल माती, कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एवढंच वापरते, पाच वर्षं झाली, काही त्रास नाही. नवीन माणसानं सोपं ते करावं.

गच्चीतली_माती

काकू, तुमची पद्धत चांगलीच आहे, पण नुसती माती भरलेले ड्रम ओले झाले की केवढे जड होतात, जुन्या स्लॅबला ते झेपत नाही. आणि कोकोपीट लांबनं विकत आणायचं आणि आपल्या दारात ऊस, हे मला पटत नाही. श्री. अ. दाभोळकर सरांचा प्रयोग परिवार आपल्या कोल्हापुरातलाच, शहरातल्या माणसानं काडीकचऱ्यातनं माती घरीच तयार करायची हे त्यांनी आयुष्यभर करून दाखवलं. माझा सगळा बगीचा त्यांच्या विचारावर उभा आहे. चिपाडाचा दोष नाही, न कुजवता त्यात रोप लावलं एवढीच गडबड. जीवामृत शिंपडून, उलथत राहून चार-पाच महिने दिले की तेच चिपाड काळं, हलकं, जंगलातल्या मातीच्या वासाचं होतं. माझे ड्रम मी दिवाळीनंतर भरायला घेतो, रोप पावसाळ्याच्या तोंडावर.

राजारामपुरी_अंगण

वजनाचा मुद्दा मान्य. आमची बाग अंगणात आहे त्यामुळं ते डोक्यातच आलं नाही. रंकाळाकाठ, तोपर्यंत एका ड्रममध्ये अळूचा कंद लावून टाका, आपल्या पावसात त्याच्यासारखं काही नाही, श्रावणात वड्या होतील. दोडका आणि घेवडा पण आत्ता लावता येईल. पालेभाजी आणि कोथिंबीर मात्र पाऊस ओसरल्यावर, आत्ता टाकली तर थेंबांच्या मारानं आडवी होती आणि सडती.

रंकाळाकाठ

पाच आठवड्यांनी लिहितेय, घरच्या गडबडीत राहून गेलं. अळ्या फरशीवर ठेवून बघितल्या, मुलगी शेजारी उकिडवी बसून मोजत होती. सगळ्या ड्रमच्या मिळून तेवीस, त्यातल्या सतरा उलट्या होऊन पाठीवर चालल्या! त्या कंपोस्टच्या बादलीत सोडल्या, आता ती रोज सकाळी झाकण उघडून त्या कुठं गेल्या बघते. सहा हुमण्या निघाल्या, सगळ्या वांग्याच्या ड्रममध्ये, आणि तिथलंच एक झाड गेलं, उपटलं तर मूळ नावालाच उरलं होतं. बाकीच्यात मेटारायझियम घातलंय.

पेंडीच्या पाण्याचा वास सासूबाईंना सहन होईना म्हणून टाकीच्या मागं नेऊन ठेवलं. पण तिसऱ्या वेळेनंतर मिरचीच्या शेंड्याला गर्द हिरवी पानं आली, काल पहिल्यांदा सात मिरच्या तोडल्या आणि ठेचा केला. खालची जुनी पानं पिवळीच राहिली, ती परत हिरवी होतील का? आणि पाऊस उघडला की माती झाकायला पाचट पाहिजे, ते आत्ता ऑगस्टमध्ये मिळतं का?

गच्चीतली_माती

जुनी पानं नाही होणार, तोडून त्याच ड्रममध्ये टाका.

शिरोळचा_ऊसवाला

मिळतं की, उभ्या उसाचा खालचा वाळलेला पाला आत्ताच काढायला चालू आहे. एक दिवस कडक उन्हात वाळवून मगच टाका, आणि झाडाच्या बुडाला चिकटवू नका, चार बोटं लांब ठेवा. मी शनिवारी लक्ष्मीपुरीत येतोय, एक पोतं घेऊन येतो, तिथनं घेऊन जावा.