मदत हवी आहे: भाजलेल्या शिंपल्यांचं वजन तराजूवर स्थिरच राहत नाही

मी रत्नागिरीत बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्प शिंपल्यांच्या चुन्यावर घेतलाय. आजीच्या लहानपणी खाडीकाठी कालवांची शिंपलं भाजून चुना करत, त्यामुळे हा विषय मला मनापासून करायचा आहे.

शिंपलं धुऊन, वाळवून पूड केली. २.००० ग्रॅम पूड मुशीत घालून ९०० अंशांना तासभर भट्टीत ठेवली. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट असेल तर कार्बन डायऑक्साइड निघून गेल्यावर ४४ टक्के घट यायला हवी, म्हणजे १.१२१ ग्रॅम उरायला हवं. माझ्याकडे पहिल्यांदा १.०६६ उरलं, दुसऱ्यांदा १.०८३. घट जास्त कशी? शिवाय मूस तराजूवर ठेवली की आकडा बघता बघता चढतो. एकदा रात्रभर उघडी राहिली तर सकाळी १.१९८! बाहेर पाऊस, खोलीत दमट हवा. कोणता आकडा लिहू? सर म्हणतात, टीजीए यंत्रावर (तापवता तापवता वजन मोजणारं यंत्र) नमुना पाठव, पण ते इथे नाही आणि खर्चही आहे.

प्रतिसाद

ताई, आकडा चढण्याची कारणं दोन असू शकतात, आधी ती वेगळी करा. रिकामी मूस तशीच ९०० ला नेऊन, तेवढाच वेळ निववून तोला. तिचाही आकडा चढत असेल तर ती अजून गरम आहे: तिच्याभोवतीची हवा वर उठते आणि वजन कमी दाखवते. रिकामी मूस स्थिर राहिली तर तुमचा कळीचा चुना हवेतलं पाणी ओढतोय. तो पूर्ण विरला तर वजन ३२ टक्क्यांनी वाढतं, त्यामुळे रात्रीतली वाढ मला नवलाची वाटत नाही. झाकण लावूनच डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणारं बंद भांडं) निववा. त्यातली ओल शोषणारी सिलिका जेल निळी आहे का ते बघून घ्या, गुलाबी झाली असेल तर १२० अंशांना भाजून परत वापरा.

जास्तीच्या घटीचं कारण मात्र शिंपल्यातही असू शकतं. त्यात सेंद्रिय पदार्थ असतात, आणि समुद्राचं मीठ राहिलं असेल तर ते ८०१ अंशांना वितळून पुढे थोडं उडूनही जातं. शिवाय तडतडून पूड बाहेर उडते, म्हणून झाकण भट्टीतही हवं. गोड्या पाण्यात नीट धुवा. ११० अंशांना वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, मग सेंद्रिय पदार्थ जळून जावेत म्हणून ५५० ला दोन तास, तोला, आणि मगच ९०० ला न्या. चुन्याची टक्केवारी ५५० नंतरच्या वजनावर काढा.

टीजीएत नमुना भट्टीतच तोलला जातो, बाहेर काढायची भानगड नाही, हाच मोठा फायदा. पाठवलात तर यंत्र तपासायला वापरतात त्या कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेटचा आलेखही मागा. त्यात १२.३, १९.२ आणि ३०.१ टक्के घटीच्या तीन पायऱ्या दिसल्या तर यंत्रावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

धागाकर्ती

मनापासून आभार! रिकामी मूसही चढत होती, म्हणजे मी घाई करत होते. आता झाकण लावून पाऊण तास निववते. धुतलेली पूड ५५० नंतर २.००० वरून १.९५७ झाली आणि ९०० नंतर १.०९९. म्हणजे घट ४३.८ टक्के! उद्या त्याच मुशीत पाणी घालून चुना विरवणार, वाळवून ३२ टक्के वाढ मिळते का ते बघायचंय. वाळवताना हवेतला कार्बन डायऑक्साइड लागू नये म्हणून काय करू?